मूठभर कूट

नाव: बेबीताई शंकरराव तायडे. वय: सत्तावन्न (आधार कार्डाप्रमाणे), एकसष्ट (आईच्या हिशेबाप्रमाणे). पद: स्वयंपाकी तथा मदतनीस, शालेय पोषण आहार. नेमणुकीचे स्वरूप: मानधन तत्त्वावर, सदर व्यक्ती शासनाची कर्मचारी नाही व तसा दावा करणार नाही. शिक्षण: चौथी पास. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, पातेल्याच्या कडेच्या आकाराचा. लाभार्थी: एकेचाळीस. पाककृती: शासनाने ठरवून दिल्याप्रमाणे. पाककृतीबाहेरील जिन्नस: निरंक. अन्नाबाबत तक्रार: निरंक.

या माहितीत एकच गोष्ट खोटी होती, आणि ती मूठभर होती.

सोनाळ्यापासून दीड कोसावर, सातपुड्याकडे तोंड करून बसलेलं गाव. तिथल्या शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बेबीताई बावीस वर्षं खिचडी शिजवत आल्या. शासनाकडून तांदूळ येतो, मुगाची डाळ येते, तेल, हळद, मीठ, मसाला येतो. चव येत नाही. ती पुरवठ्याच्या यादीत नाही. पहिल्या आठवड्यात पोरांनी ताटातली खिचडी बोटानं इकडून तिकडे ढकलली, उरलेली कुत्र्यांना घातली, आणि कुत्र्यांनीही ती केवळ भिडेखातर खाल्ली. बेबीताईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी तव्यावर भुईमुगाचे फल्लीदाणे भाजले, हातावर चोळून सालं पाखडली, खलबत्त्यात अगदी पिठासारखं कूट केलं आणि पदराच्या गाठीत बांधून शाळेत नेलं. खिचडी उतरवायच्या आधी, कोणी बघत नाही असं पाहून, झाकण सारलं आणि मूठ आत सोडली.

त्या दिवशी कुत्री उपाशी राहिली.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून तपासणीचे साहेब आले. त्यांनी ताटभर खाल्लं, पुन्हा अर्धं ताट मागितलं आणि विचारलं, "बाई, यात काय टाकता?" बेबीताई आनंदानं सांगणारच होत्या, तेवढ्यात साहेब पुढं म्हणाले, "बाहेरचं काही टाकत असाल तर ते नियमात बसत नाही. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

"काही नाही साहेब," बेबीताई म्हणाल्या. "तुम्ही धाडता तेवढंच."

साहेबांनी चव नोंदवहीत 'उत्तम' असं लिहिलं. पोरांना वाढण्याआधी मास्तरानं चाखून त्या वहीत शेरा मारायचा असतो. तो शेरा तेव्हापासून रोज 'उत्तम' असतो, सुट्टीच्या दिवशीही एकदा चुकून होता. बावीस वर्षांत जो कोणी विचारायला आला त्याला बेबीताईंनी तेच उत्तर दिलं. उत्तर इतकं मुरलं की ते खोटं आहे, हे त्यांचं त्यांनाच आठवेनासं झालं.

दुसरी एक गोष्ट मात्र आठवत होती. बौद्ध मोहल्ल्यातली बाई शाळेत शिजवणार, हे ठरलं त्या वर्षी वरच्या गल्लीतल्या सात-आठ पोरांना एकाएकी भक्ती सुचली. कोणाला सोमवार, कोणाला गुरुवार, कोणाला शनिवार. एकाला तर तिन्ही. सहा-सात वर्षांची इतकी व्रतस्थ मुलं गावानं आधी पाहिली नव्हती. ज्यांना उपास झेपले नाहीत त्यांची पोटं नाजूक निघाली. चौथीतल्या गोविंदा ढगेचं पोट त्यांत सगळ्यांत नाजूक. त्याची आई झुंबरबाई मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभी राहून आवाज द्यायची, "गोविंदा, चाल जेवाले! तुह्या पोटाले हे झेपत नाही!" तो आवाज शेडपर्यंत यायचा. शेडपर्यंत यावा असाच तो दिलेला असायचा.

दोन-तीन वर्षांत व्रतांचं आपोआप उद्यापन झालं. कोणी माफी मागितली नाही, कोणी माग म्हटलं नाही. सगळी पोरं एका ओळीत बसू लागली, आणि गावानं तो विषय कधी झालाच नव्हता असं ठरवून टाकलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्या गोविंदाचा मुलगा शिवम पहिलीत आला. सोबत त्याची आई वंदना, आणि वंदनाच्या हातात स्टीलचा डबा. वंदना मलकापूरची, बी.ए. झालेली, बोलणं हळू. मुख्याध्यापक गुलाबराव सरांशी ती व्हरांड्यात बोलत होती आणि बेबीताई नळावर तांदूळ धूत होत्या. तांदूळ धुताना कान मोकळे असतात.

"सर, हा घरचाच डबा खाईल. शाळेचं त्याला देऊ नका. त्याचं पोट जरा नाजूक आहे."

बेबीताईंच्या हातातलं पाणी सांडलं. तांदूळ सांडला नाही. बावीस वर्षांची सवय.

संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं. शंकरराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दिवे लागायच्या वेळेला ओट्यावर बसून मूठभर भाजके फल्लीदाणे आणि गुळाचा खडा खाणं, एवढंच त्यांचं व्यसन. त्यांनी एक दाणा सोलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "नाजूक? बापाचंही नाजूकच होतं. खानदानी पोट दिसते."

"जाऊ द्या ना."

"मी कुठं धरून राह्यलो? मी आपलं म्हणून राह्यलो. तिकीट बदललं, मोटर तेच."

बेबीताईंनी ठरवलं, त्या पोराकडे बघायचं नाही. नियमात बसतं तेवढं करायचं. हा निश्चय सोमवारी झाला आणि गुरुवारपर्यंत टिकला.

कारण शिवम ओळीत बसत नसे. त्याला शेडच्या पायरीवर बसायला सांगितलेलं. समोरचे दोन दात पडलेले, मोजे कायम घसरलेले, मांडीवर डबा. चाळीस पोरं ताटं घेऊन ओळीत, आणि हा एकटा पायरीवर, जसा कोणी पाहुणा रुसून बसावा.

"मावशी," गुरुवारी तो म्हणाला, "तुमच्या खिचडीचा वास माह्या डब्यात येऊन राह्यला."

"मंग झाकण लाव."

"मंग मी खाऊ कसा?"

बेबीताई हसल्या, आणि हसल्या तिथं निश्चय संपला. पुढं रोजच बोलणं सुरू झालं. पातेलं एवढं काळं काऊन? आतून पांढरं आणि बाहेरून काळं कसं राह्यते? तुमच्या हातावर चंद्र काऊन हाय? भाजल्याच्या डागाला चंद्र म्हणणारा तो पहिलाच. बेबीताई त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत आणि भांडी संपली तरी घासत राहत.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. कोणाचा वाढदिवस असला, कोणी चॉकलेट दिलं, बिस्किट दिलं, तर हा आधी विचारायचा, "याच्यात दाणे हाय का?" आणि मग न खाताच खिशात ठेवायचा. बेबीताईंना वाटलं, घरचं वळण. दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही, हे आता दाण्याच्या नावानं शिकवतात. सुधारणा झाली म्हणायची.

पोळ्यानंतरचा तिसरा दिवस. वंदना आणि गोविंदा कपाशीत निंदणाला गेलेले, डबा आजीनं, झुंबरबाईनं भरून दिलेला. झाकण घट्ट बसलं होतं. शिवमनं डबा पोटाशी धरून जोर लावला, झाकण सुटलं, आणि पोळी-भाजी पायरीखालच्या चिखलात. कुत्रं तयारच होतं.

तो रडला नाही. रडला असता तर सोपं झालं असतं. रडणाऱ्या पोराला मास्तरांकडे नेता येतं. हा रिकामा डबा हातात धरून उभा राहिला आणि ओळीतल्या चाळीस ताटांकडे बघत राहिला.

बेबीताईंच्या हातात पळी होती. द्यावं तर उद्या झुंबरबाई फाटकाशी येऊन काय बोलेल ते पाठ होतं. न द्यावं तर पोर चार वाजेपर्यंत उपाशी. बावीस वर्षांचा राग एका बाजूला आणि घसरलेले मोजे दुसऱ्या बाजूला. त्यांनी मोज्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यात थोडा रागही होता, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. खाऊ दे, बघू काय विटाळते.

"ये इकडे," त्या म्हणाल्या. "बस."

शिवमनं ताट घेतलं. खाली वाकून खिचडीत नीट बघितलं. मग वर बघून विचारलं, "मावशी, याच्यात दाणे हाय का?"

त्यात दाणे दिसत नव्हते. दाणे दिसू नयेत म्हणूनच तर कूट पिठासारखं कुटायचं. विचारणारा सहा वर्षांचा होता, पण प्रश्न बावीस वर्षांचा होता, आणि उत्तर जिभेवर आयतं होतं. विचार करायला वेळच लागला नाही.

"काही नाही बाप्पा. सरकार धाडते तेवढंच."

त्यानं दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला थांबला. ओठावरून हात फिरवला. "मावशी, तोंड चावून राह्यलं," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा नव्हताच, घोगरा, कुठूनतरी खालून आलेला. ओठ बघता बघता सुजले. गळ्यावर, कानामागे लाल गांधी उठल्या. मग तो ओकला, आणि ओकून झाल्यावर श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

बेबीताईंनी पळी कुठं टाकली ते दुसऱ्या दिवशी सापडलं. त्यांनी पोर उचललं आणि ओरडल्या, "सर, गाडी काढा!"

गुलाबराव सरांची मोटारसायकल रोज तीन किकमध्ये सुरू होते. त्या दिवशी एकाच किकमध्ये झाली. मध्ये शिवम, मागं बेबीताई. वंदनाचा फोन लागत नव्हता. शेतात रेंज नसते. रस्ताभर बेबीताई त्याच्या छातीवर हात ठेवून होत्या. छाती खाली जायची आणि वर यायला वेळ लावायची. प्रत्येक वेळी त्या आपला श्वास धरून ठेवत, जणू तेवढा त्याला पुरेल.

सोनाळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं पोराला टेबलावर घेतलं आणि एकीकडे तपासत विचारलं, "काय झालं? शेतात होता का? काही चावलं?" पावसाळ्याचे दिवस, साप-विंचवाचे दिवस, ती त्याचे घोटे, बोटं, तळवे बघू लागली. "खाल्लं काय?"

"शाळेची खिचडी," सर म्हणाले. "तांदूळ, मूगडाळ, तेल, हळद, मीठ. दुसरं काही नाही मॅडम. चव मी स्वतः घेतली."

"बाकीच्या मुलांना?"

"सगळे ठणठणीत."

"मग खाण्याचं नसेल," असं अर्धवट स्वतःशीच म्हणत तिनं दुसरा मोजा काढला. "दाणे, अंडं, असं काही?"

"नाही नाही. पाककृती ठरलेली असते," सर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. ते वहीप्रमाणे बोलत होते.

बेबीताईंना त्या वेळी दोन गोष्टी एकदम समजल्या. एक म्हणजे, पोर बरोबर प्रश्न विचारत होतं आणि आपण त्याला साहेबाचं उत्तर दिलं. दुसरी म्हणजे, आता तोंड उघडलं तर शेड, पळी, चाळीस पोरं, सगळं संपलं. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, असं त्या साहेबांनी विचारलं होतं. तो उद्या आज आला होता.

"त्याच्यात फल्लीचं कूट हाय," त्या म्हणाल्या. "माह्या घरचं. मूठभर. मी रोजच टाकतो."

सरांनी वळून पाहिलं. डॉक्टरीणबाईनं पाहिलंच नाही. तिचा हात आधीच ट्रेकडे गेला होता. तिनं शिवमच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. भिंतीवर पंखा कुरकुरत होता. पाचेक मिनिटांनी शिट्टी जरा बारीक झाली. आणखी थोड्या वेळानं शिवमनं डोळे उघडले, मांडीकडे बघितलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं.

"रडू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाली. "रडतोय म्हणजे हवा जातेय. पण संध्याकाळपर्यंत इथंच राहील. हे उलटून परत येऊ शकतं."

शेतात निरोप पोचायला तास गेला. वंदना आली ती गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला निंदणाचा रुमाल तसाच. गोविंदा मागं. बेबीताई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. मारलं तर मारू द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं; हात खाली सोडले होते.

वंदनानं आधी पोराला बघितलं, पोटाशी धरलं, कपाळ, कान, ओठ असं सगळं एकेक करून चाचपलं. मग डॉक्टरीणबाईला विचारलं, "तुम्हाला दाण्याचं कोणी सांगितलं?"

"या बाईंनी. त्या बोलल्या म्हणून मला पायाला चावा शोधत बसावं लागलं नाही."

वंदना बाकावर येऊन बसली, अगदी शेजारी. चिखल बेबीताईंच्या पातळाला लागला.

"पोरी, मले वाटलं..." बेबीताई म्हणाल्या आणि थांबल्या.

"काय वाटलं मावशी?"

"तुह्या सासूच्या टायमाले जे होतं ना, तेच वाटलं. त्याचं पोट नाजूक हाय म्हणलं तू. तेव्हाबी पोटंच नाजूक होते सगळ्यायचे."

वंदनाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. "अवं माय! तसं नव्हतं हो मावशी. मले हे कोणी सांगतलंच नाही." हळू, शुद्ध बोलणारी वंदना घाबरली की सासरची बोली बोलायची. तिनं गोविंदाकडे पाहिलं. गोविंदा भिंतीवरचा कुटुंबकल्याणाचा तक्ता फार लक्ष देऊन वाचत होता.

"मंग सरळ सांगत काऊन नाही, फल्ली चालत नाही म्हणून?"

"सांगत होती. आधी सगळ्यायले सांगत होती." वंदना पोराच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाली. "पण सांगतलं की लोकं परीक्षा घेतेत. संक्रांतीले एका बाईनं मुद्दाम लाडूत दाण्याचा तुकडा देला त्याले. म्हणे, पाहू खरंच होते का. लहानपणी सवय लावली त सगळं पचते म्हणे. दोन दिवस मलकापूरले दवाखान्यात होतो आम्ही. घरी सासूबाईबी म्हणत, फल्लीनं कोणी मरते का, गाव हसन. म्हणून मंग मी पोट नाजूक म्हणाले लागली. त्याची कोणी परीक्षा घेत नाही."

"आणि मी कूट सांगतलं नाही," बेबीताई म्हणाल्या. "त्यानं विचारलं होतं मले. चांगलं तोंडावर विचारलं होतं."

टेबलावरून सुजलेल्या ओठांनी शिवम म्हणाला, "आई, मी विचारलं होतं. खरंच विचारलं होतं."

"हो रे राजा. माहीत हाय मले," वंदना म्हणाली, आणि तिथं मात्र दोघी एकदम रडल्या. डॉक्टरीणबाईनं जाताना वंदनाला समजावलं की पुढच्या वेळी थांबायचं नाही, ओठ सुजले की निघायचं, आणि हे इंजेक्शन घरी ठेवता येतं का, कसं द्यायचं, ते मोठ्या डॉक्टरांकडून शिकून घ्यायचं. बेबीताईंनी तेही कान देऊन ऐकलं. मांडीत, बाहेरच्या बाजूनं.

मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे एक पत्र आलं, त्याला एक खुलासा गेला, त्या खुलाशाचा खुलासा मागवला गेला, आणि शेवटी शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवावं असं ठरलं. बेबीताईंनी खुलाशात एकच वाक्य सांगितलं आणि खाली सही केली: कूट मी टाकत होते. शेडची किल्ली त्यांनी आधीच सरांच्या टेबलावर ठेवली होती.

समितीची बैठक सहावीच्या वर्गात भरली. मोठी माणसं लहान बाकांवर बसली होती, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते आणि कोणालाच फार रागावता येत नव्हतं. तरी दोघा-तिघांचं म्हणणं स्पष्ट होतं: बाई बदला. नियम तो नियम. वंदना बोलायला उठणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून झुंबरबाई उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिला बोलवावं लागत नाही.

बेबीताईंनी मान खाली घातली. आवाज ओळखीचा होता. फाटकाशी यायचा तोच, आता जरा फाटलेला.

"हे बाई कूट टाकते, मले बावीस वर्सापासून माहीत हाय," झुंबरबाई म्हणाली.

गुलाबराव सर म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

"हा बसला ना," तिनं हातातल्या काठीनं गोविंदा दाखवला. "मी याले घरी न्यायची जेवाले. घरी येऊन जेवेच ना. पोट भरलं म्हणे. तोंडाजवळ नाक नेलं त कुटाचा वास. तो इंद्रभान होता ना याच्याजोळचा, त्याच्या ताटातून चोरून खाऊन येत होता मेला. रोज. एवढं बारीक कूट माह्यानं कधी झालं नाही."

गोविंदा, वय एकतीस, दोन एकर कपाशी आणि एका मुलाचा बाप, बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधू लागला.

"मग तुम्ही तेव्हा बोलल्या का नाहीत?" सरांनी विचारलं.

"काऊन बोलू? पोरगं जेवत होतं."

कोणीतरी हसलं. झुंबरबाई हसली नाही. ती बेबीताईंकडे वळली, पण नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे ठेवून. "तुले मी तेव्हा लय बोलली, बेबे. फाटकावरून बोलली. हे कुटाचं म्या सुनंले सांगाले पाह्यजे होतं, सांगतलं नाही. म्हणलं, फल्लीनं काय होते. नातवाचा दम कोंडला तेव्हा समजलं." मग समितीकडे वळून, काठी आपटून, "हिले काढू नोका. हिले काढसान त दुसरी येईन. ती काय लपवते हे मले माहीत नाही."

आवाजी मतदानानं बेबीताईंना सक्त ताकीद देण्यात आली आणि शेडची किल्ली परत देण्यात आली. बाहेर निघताना झुंबरबाईनं काठीचा आधार घेत बेबीताईंच्या दंडाला धरलं. पायऱ्या उतरायच्या होत्या म्हणून धरलं असेल. पायऱ्या संपल्यावरही फाटकापर्यंत सोडलं नाही.

त्या संध्याकाळी बेबीताईंनी घरातला फल्लीदाण्यांचा डबा रिकामा केला. खलबत्ता राखेनं तीनदा घासला, उन्हात ठेवला, आणि तरी भरवसा येईना म्हणून नांदुऱ्याच्या लेकीकडे धाडून दिला. तवा नवा आणला. ज्या पातळांच्या पदराला कुटाची गाठ मारायच्या ती तीन पातळं उकळत्या पाण्यात घातली. शंकरराव ओट्यावर बसून रिकाम्या ताटलीकडे बघत होते.

"शाळेत नको, हे समजलं. पण घरात काऊन नाही?"

"हात तेच हायत माह्ये," बेबीताई म्हणाल्या. शंकररावांनी गुळाचा खडा नुसताच खाल्ला.

कूट नसलेली पहिली खिचडी पोरांनी खाल्ली आणि ओळीतून आवाज आला, "मावशी, आज चव नाही!" बेबीताईंना बावीस वर्षांपूर्वीचा तो आठवडा आठवला. पण या वेळी काही लपवायचं नव्हतं. वंदनानं शिवमच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आणि घरच्या जवसाची भाजून पूड करून आणली. नव्या तव्यावर, नव्या मिक्सरात. गुलाबराव सरांनी ती वहीत 'लोकसहभाग' म्हणून नोंदवली. लोकसहभाग नियमात बसतो. चाखायला आता पालक म्हणून वंदना येते. आठवड्यातून एकदा झुंबरबाई येते, उभ्यानं पळी तोंडाला लावते आणि मीठ कमी आहे म्हणते. मीठ कमी नसतं.

शिवम ओळीत बसतो, शेवटून तिसरा. ताट पुढं करण्याआधी विचारतो, "मावशी, याच्यात दाणे हाय का?"

"नाही," बेबीताई म्हणतात. पण त्यांचा आता त्या शब्दावर विश्वास नाही. त्या पळी ठेवतात, खाली वाकतात आणि दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरतात. तो आधी डावा हुंगतो, मग उजवा, चंद्राच्या डागापर्यंत. मागची पोरं थांबून राहतात. त्यांना आता सवय झाली आहे. मग तो ताट पुढं करतो. बहुतेक दिवशी दोनदा.

फाइलवर शेवटचा शेरा असा आहे: सदर प्रकरणी संबंधितास समज देण्यात आली असून पाककृतीबाहेरील जिन्नस आता निरंक आहेत (लोकसहभाग वगळून). लाभार्थी एकेचाळीस. तक्रार निरंक. पुढील कोणतीही कार्यवाही अपेक्षित नसल्याने प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे.

शंकरराव फल्लीदाणे आता सोनाळ्याच्या स्टँडवर खातात, आणि चूळ भरून, हात धुऊन घरी येतात.